अमेरिकन मसल कारचा इतिहास आकड्यांवरून कसा वाचावा

दसऱ्याच्या दिवशी छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार दसरा चौकात येते, तेव्हा गर्दीतली लहान मुलेसुद्धा बाजूला सरून तिला वाट देतात. जुन्या मोटारीविषयीचा आदर कोल्हापुरात असा लहानपणापासूनच मुरलेला असतो. त्यातच उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत ज्यांचे घर फौंड्रीवर किंवा मशीन शॉपवर चालते, त्यांना इंजिनाचा ब्लॉक कसा ओतला जातो आणि त्यात बोअर कसे मारले जाते हे डोळ्यांनी पाहूनच कळलेले असते. अमेरिकेतील १९६४ ते १९७१ या काळातील मसल कार आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या यांचा इतिहास समजून घेण्यासाठी ही शिदोरी फार मोलाची आहे. तरीही आपल्याकडची बहुतेक हौशी मंडळी चित्रे, रंग आणि हॉर्सपॉवरचे आकडे यांपाशीच थांबतात, आणि म्हणून अभ्यासाची एक पद्धत येथे मांडत आहे.

प्रथम एक लांब, आडव्या पानांची वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात मॉडेल वर्ष, दुसऱ्यात कंपनी आणि तिचा विभाग, तिसऱ्यात कंपनीने छापलेला आकडा आणि चौथ्यात तो आकडा ज्या अटीमुळे तसा ठरला ती अट लिहावी. पहिले तीन रकाने कोणीही भरू शकतो. अभ्यास खरा चौथ्या रकान्यात होतो. माझे ठाम मत असे आहे की त्या काळात या कंपन्यांनी छापलेला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा आकडा कुठल्या ना कुठल्या बंधनाला दिलेले उत्तर होता. ते बंधन कधी मुख्य कार्यालयाने घातलेले असे, कधी शर्यतीच्या नियमपुस्तकाने, कधी विमा कंपनीने आणि शेवटी सरकारने. बंधन सापडले की गाडी तशी का बनली हे आपोआप उलगडते.

वर्षाच्या रकान्यात एक काळजी घ्यावी. अमेरिकन कंपन्यांचे मॉडेल वर्ष साधारणपणे आधीच्या वर्षाच्या शरद ऋतूत सुरू होते. शेवरोलेची कॅमारो सप्टेंबर १९६६ मध्ये लोकांसमोर आली, तरी ती १९६७ ची गाडी म्हणूनच नोंदवली जाते. हा फरक ध्यानात न ठेवल्यास पुढे घटनांचा क्रम उलटापालटा होतो.

मसल कार म्हणजे काय, याची व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. मध्यम आकाराची, बहुधा दोन दारांची, घरगुती वापराच्या गाडीवरच बेतलेली बॉडी. तिच्यात त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे. आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला हप्त्याने परवडेल अशी किंमत. फोर्ड मस्टँग, प्लिमथ बाराकुडा आणि कॅमारो यांना पोनी कार म्हणतात; त्या लहान गाड्यांच्या सांगाड्यावर उभ्या राहिल्या. मस्टँगच्या पोटात फाल्कन होती, बाराकुडाच्या पोटात व्हॅलियंट. कॉर्व्हेट ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. या जाती वेगळ्या ठेवाव्यात आणि पोनी कारमध्ये मोठे इंजिन बसले की तेवढीच नोंद मसल कारच्या पानावर करावी.

पूर्वपीठिकेसाठी दोन नोंदी पुरतात. १९४९ मध्ये ओल्डस्मोबिलने आपले नवे ३०३ घनइंचांचे, १३५ हॉर्सपॉवरचे ‘रॉकेट’ इंजिन हलक्या बॉडीत बसवून ‘८८’ काढली. १९५५ मध्ये क्रायस्लरने ३०० हॉर्सपॉवरची गाडी आणली आणि तो आकडाच तिचे नाव झाला.

आता घनइंचांकडे वळावे. आपण इंजिन सीसीत मोजतो, त्यामुळे ३८९ किंवा ४२६ असे आकडे वाचून मनात काहीच उमटत नाही. १ घनइंच म्हणजे १६.३९ सीसी. पाँटियाकच्या ३८९ घनइंचांच्या इंजिनाला १६.३९ ने गुणले की सुमारे ६,३७५ सीसी येतात आणि त्यांना ८ ने भागले की एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ७९७ सीसी येतात. मारुती ८०० चे अख्खे इंजिन ७९६ सीसीचे होते. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासला. त्या एका गुणाकार-भागाकाराने या गाड्यांची जी कल्पना येते, ती शंभर छायाचित्रांनीही येत नाही. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या नोंदीशेजारी सीसी आणि दर सिलिंडरमागचा आकडा जरूर लिहावा.

त्यानंतर कंपन्यांची मांडणी समजून घ्यावी, आणि इथे जनरल मोटर्सवर जास्त वेळ खर्च करावा. शेवरोले, पाँटियाक, ओल्डस्मोबिल, ब्युइक आणि कॅडिलॅक हे तिचे मोटारींचे विभाग एका मालकाचे असले, तरी त्यांची आपसातली चुरस आपल्या पेठापेठांतल्या फुटबॉल संघांसारखी होती. गाव एकच, पण मैदानात उतरल्यावर नाते विसरायचे. प्रत्येक विभागाचे अभियंते वेगळे आणि इंजिनेही वेगळी. १९६८ च्या सुमारास शेवरोले, पाँटियाक, ओल्डस्मोबिल आणि ब्युइक या चारही विभागांकडे ३५० घनइंचांचे व्ही-८ होते, आणि ती चारही इंजिने स्वतंत्र रचनेची होती. फौंड्रीत काम केलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल: एकाच मापासाठी चार वेगळे पॅटर्न (साच्याचे नमुने), चार वेगळे कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचे साचे), चार ठिकाणचे मशीनिंग. एवढा खर्च सोसणारी कंपनी किती श्रीमंत असेल आणि तिच्या विभागांना किती मोकळीक असेल, हे त्यावरून ओळखावे.

पण त्या मोकळिकीला वरून कुंपण होते. अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने १९५७ मध्ये कारखान्यांनी शर्यतींना पाठबळ न देण्याचा ठराव केला होता. इतर कंपन्यांनी तो हळूहळू गुंडाळून ठेवला, मात्र जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी जानेवारी १९६३ मध्ये आपल्या विभागांना शर्यतींपासून लांब राहण्याचा सक्त आदेश दिला. जिंकलेल्या शर्यतींच्या जोरावर तरुणांत नाव कमावलेल्या पाँटियाकला हा फटका मोठा होता. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही कंपनीचा नियम होता.

पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी यावर काढलेला मार्ग वहीत सविस्तर लिहावा, कारण मसल कारच्या युगाची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथूनच धरतात. पाँटियाकचे ३२६ घनइंचांचे इंजिन मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसतच होते, आणि मोठ्या गाड्यांतले ३८९ चे इंजिन बाहेरून त्याच मापाचे होते. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३.७५ इंच; फरक फक्त बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा, एकाचा सुमारे ३.७२ तर दुसऱ्याचा ४.०६ इंच. म्हणजे माउंटिंग तेच, जागा तीच. एक काढून दुसरे ठेवायचे. प्रश्न उरला नियमाचा. नियम नव्या मॉडेलसाठी होता, म्हणून त्यांनी नवे मॉडेल काढलेच नाही. टेम्पेस्ट ल मान्स या चालू गाडीवर सुमारे २९६ डॉलर जादा देऊन घेता येणारा एक ऐच्छिक संच म्हणून १९६४ मध्ये जीटीओ विक्रीला आली. चार तोंडांच्या एका कार्ब्युरेटरवर (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) ३२५ हॉर्सपॉवर आणि दोन तोंडांच्या तीन कार्ब्युरेटरांवर ३४८. विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी ५,००० गाड्यांपुरती जोखीम पत्करली. वर्षअखेर विक्री ३२,४५० वर गेली, १९६५ मध्ये ती ७५ हजारांच्या पुढे आणि १९६६ मध्ये जवळपास ९७ हजारांवर पोहोचली. एवढ्या गाड्या खपल्यावर नियम मोडल्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारणार?

नियम गेला नाही, फक्त सैल झाला. १९६५ पासून मर्यादा ४०० घनइंचांची झाली आणि १९७० च्या मॉडेलांपर्यंत टिकली. ही एक ओळ लक्षात ठेवली तर कितीतरी कोडी सुटतात. ब्युइक ग्रान स्पोर्टमधले इंजिन मोजून ४०१ घनइंचांचे होते, पण कागदावर ते ४०० म्हणूनच नोंदले गेले. ओल्डस्मोबिलच्या ४-४-२ मधला पहिला ‘४’ आधी चार तोंडांच्या कार्ब्युरेटरसाठी होता. १९६५ मध्ये ४०० घनइंचांचे इंजिन आले आणि तोच ‘४’ त्या इंजिनाचा मानला जाऊ लागला. १९७० मध्ये मर्यादा उठताच त्याच वर्षी शेवरोलेच्या शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचे, ४५० हॉर्सपॉवरचे एलएस-६ इंजिन दिसते आणि ब्युइकमध्ये ४५५ चे. उलट त्याच १९७० च्या शेव्हेलवर ‘३९६’ असा बिल्ला असला, तरी आतले इंजिन ४०२ चे असते, कारण तो बिल्ला ग्राहकांच्या ओळखीचा झाला होता. बिल्ल्यावरचा आकडा आणि ब्लॉकचे खरे माप वेगवेगळ्या शाईने लिहावे, असे मी सुचवीन.

नियमातून मार्ग काढण्याचा आणखी एक प्रकार पाहावा. टॅक्सी, पोलीस अशा घाऊक ग्राहकांच्या खास मागण्यांसाठी शेवरोलेच्या मुख्य कार्यालयात ‘कोपो’ नावाची ऑर्डरपद्धत होती. काही डीलरांनी त्याच वाटेने १९६९ मध्ये कॅमारोत ४२७ घनइंचांची इंजिने मागवली. त्यांतील संपूर्ण ॲल्युमिनियम ब्लॉकच्या झेडएल-१ इंजिनाच्या कॅमारो फक्त ६९ बनल्या.

कॅमारोची झेड/२८ हा या अभ्यासातला माझा सर्वांत आवडता धडा आहे, कारण तो कागद-पेन्सिल घेऊन स्वतः पडताळता येतो. ट्रान्स-ॲम या अमेरिकन शर्यतमालिकेत इंजिनाची कमाल मर्यादा ३०५ घनइंच, म्हणजे ५ लिटर होती. शेवरोलेकडे २८३ चे इंजिन होते आणि ३२७ चे होते. एक फार लहान, दुसरे बाद. मग ३२७ चा ब्लॉक घेतला, ज्याचा बोअर ४ इंच, आणि त्यात २८३ चा ३ इंची स्ट्रोक देणारा क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) घातला. आता हिशेब करावा: बोअरचा वर्ग १६, त्याला ०.७८५४ ने (‘पाय’च्या चौथ्या भागाने) गुणल्यावर १२.५७, त्याला स्ट्रोकच्या ३ ने आणि ८ सिलिंडरांनी गुणल्यावर ३०१.६. हेच झेड/२८ चे प्रसिद्ध ३०२. मर्यादेच्या तीन घनइंच आत, आणि तेही जवळजवळ सगळे घरातलेच सामान वापरून. रिबोअरचे काम करणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला हा हिशेब दाखवावा, तो खूश होऊन चहा मागवील. पहिल्या वर्षी, म्हणजे १९६७ मध्ये, या गाड्या ६०२ च बनल्या.

क्रायस्लरच्या पानावर अट शर्यतीतून आली. डॉज आणि प्लिमथ हे तिचे विभाग. ही दोन नावे आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या कानांवरून गेलेली असतात, कारण वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने या गाड्या जोडल्या होत्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये डेटोना येथील ५०० मैलांच्या शर्यतीत ४२६ घनइंचांच्या हेमी इंजिनावर रिचर्ड पेटी पहिला आला आणि पहिले तिन्ही क्रमांक प्लिमथने घेतले. हेमी हे नाव सिलिंडर हेडमधल्या अर्धगोलाकार ज्वलनकक्षावरून पडले. आमनेसामने कललेल्या मोठ्या व्हॉल्व्हमुळे हवा सरळ आत येते आणि तितकीच मोकळी बाहेर जाते, हे त्या रचनेचे बळ. नॅस्कार या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संघटनेने मात्र हे इंजिन शोरूमच्या गाडीत मिळत नाही या कारणावरून १९६५ साठी बाद ठरवले आणि क्रायस्लरने त्या हंगामाचा मोठा भाग बहिष्कारात घालवला. त्यानंतर १९६६ मध्ये रस्त्यावरची हेमी विक्रीला आली: दोन कार्ब्युरेटर, १०.२५ चा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण), ४२५ हॉर्सपॉवर. शर्यतीच्या इंजिनाला शर्यतीत परत नेण्यासाठी ते सामान्य गिऱ्हाइकाला विकावे लागले, हे कारण चौथ्या रकान्यात ठळक लिहावे. १९६९ ची डॉज चार्जर डेटोना आणि १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड यांच्या पाठीवरचे उंच पंखही याच कारणाने शोरूममध्ये आले. मार्च १९७० मध्ये टॅलाडेगाच्या मार्गावर बडी बेकरने चार्जर डेटोना गाडीतूनच ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला.

पण क्रायस्लरचा अभ्यास हेमीवर संपवू नये. हेमी महाग होती आणि थोड्यांनीच घेतली. १९६८ ची प्लिमथ रोड रनर ही या युगाची जास्त प्रामाणिक प्रतिनिधी आहे असे मला वाटते: मूळ किंमत २,८९६ डॉलर, साधी सीट, आत कसलीही चैन नाही, ३८३ घनइंचांचे ३३५ हॉर्सपॉवरचे इंजिन, आणि कार्टूनमधल्या पक्ष्याच्या नावासाठी व चित्रासाठी वॉर्नर ब्रदर्सला मोजलेले ५०,००० डॉलर. पहिल्याच वर्षी ती सुमारे ४५ हजार खपली.

फोर्डच्या बाबतीत मस्टँग आणि मसल कार यांची गल्लत टाळावी. १७ एप्रिल १९६४ ला आलेल्या मस्टँगने पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक ग्राहक मिळवले, पण तिचे यश फोर्डच्या ली आयकोका यांनी ओळखलेल्या तरुण ग्राहकाचे होते, इंजिनाचे नव्हे. शर्यतीच्या पट्टीवर फोर्डने १९६४ मध्ये मध्यम आकाराच्या फेअरलेनमध्ये ४२७ घनइंचांचे इंजिन बसवून १०० थंडरबोल्ट बनवल्या. रस्त्यावर मात्र ती मागेच राहिली, आणि ती उणीव ऱ्होड आयलंडमधल्या टास्का या डीलरच्या रेट्यानंतर एप्रिल १९६८ मध्ये ४२८ घनइंचांच्या कोब्रा जेट इंजिनाने भरून निघाली. अमेरिकन मोटर्स ही चौथी, सर्वांत लहान कंपनी; तिच्यासाठी एक पान पुरते. १९६८ च्या जॅव्हेलिन व एएमएक्स, १९६९ ची १,५१२ नगांची एससी/रॅम्बलर, १९७१ आणि १९७२ ची ट्रान्स-ॲम अजिंक्यपदे, आणि १९७० मध्ये विकत घेतलेला जीपचा धंदा, ज्याने पुढे तिला तगवले.

हॉर्सपॉवरच्या रकान्याविषयी एक इशारा देणे भाग आहे, कारण माझ्या पहिल्या वहीची बरीच पाने मला याच कारणाने फाडावी लागली. १९७१ पर्यंत छापले जाणारे आकडे ‘ग्रॉस’ होते, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या बाकावर ठेवून, एअर फिल्टर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर असे ओझे न लावता मोजलेले. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले, म्हणजे इंजिन गाडीत जसे चालते तसे, सगळ्या जोडणीसह. मी दोन्ही एकाच रकान्यात लिहिले आणि एका वर्षात सगळ्या कंपन्यांची ताकद कोसळली असा निष्कर्ष काढून बसलो. याचा उलगडा १९७१ मध्ये होतो, कारण त्या वर्षी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले. शेवरोलेचे ४५४ चे एलएस-५ इंजिन ग्रॉस ३६५ आणि नेट २८५. इंजिन तेच, मोजणी वेगळी. हेमीचे ४२५ देखील नेटमध्ये ३५० होतात. १९७२ मध्ये त्याच एलएस-५ चे नेट २७० झाले. खरी घट म्हणायची ती एवढीच, १५ हॉर्सपॉवरची. म्हणून दोन स्वतंत्र उपरकाने करावेत आणि एकातला आकडा दुसऱ्यातल्याशी कधीही ताडू नये. त्याशिवाय कोब्रा जेटचे ३३५ आणि झेड/२८ चे २९० हे आकडे मुद्दाम कमी छापलेले मानले जातात, कारण विम्याचा हप्ता आणि ड्रॅग शर्यतीतला (सरळ पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतीतला) वर्ग या दोन्ही गोष्टी छापील आकड्यावर ठरत असत. मासिकांतल्या चाचण्याही डोळे झाकून घेऊ नयेत: मार्च १९६४ मध्ये एका अमेरिकन मासिकाने जिची तोंडभरून स्तुती केली, त्या जीटीओत ३८९ ऐवजी ४२१ चे इंजिन होते, असे पाँटियाकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनीच नंतर सांगितले.

गाडीची ओळख पटवायला चासी नंबर वाचायला शिकावे. बीएस२३आर०बी अशी सुरुवात असेल, तर बी म्हणजे बाराकुडा, एस म्हणजे वरची श्रेणी, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची, मधला खांब नसलेली), आर म्हणजे ४२६ हेमी, ० म्हणजे १९७० आणि शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमिकचा कारखाना. क्रायस्लर आणि फोर्डच्या नंबरात पाचवे अक्षर इंजिन सांगते. शेवरोलेच्या नंबरात १९७२ पूर्वी तसे नसते, त्यामुळे तिथे ब्लॉककडे जावे लागते. ब्लॉकवर उठून आलेला कास्टिंग नंबर असतो आणि जवळच ओतल्याची तारीख: ‘सी १५ ९’ म्हणजे १५ मार्च, ९ ने संपणारे वर्ष, महिन्यांना ए पासून एल पर्यंत अक्षरे दिलेली. आपल्याकडच्या कास्टिंगवर हीट नंबर (धातूच्या एका भट्टीचा क्रमांक) उठवतात त्याचीच ही भावंडे. ओतल्याची तारीख गाडी जोडल्याच्या तारखेनंतरची निघाली, तर ते इंजिन मूळचे नाही, हे छायाचित्रावरूनही सांगता येते.

शेवटच्या पानांवर कारणे तारखेच्या क्रमानेच मांडावीत, कारण १९७३ च्या तेलटंचाईने मसल कार संपवली ही समजूत क्रम लावताच गळून पडते. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते त्याआधीच भडकले होते. १९७० मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१ च्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो उतरवला. नोव्हेंबर १९७० मध्ये फोर्डने शर्यतींतून अंग काढले. ३१ डिसेंबर १९७० ला धुराविषयीच्या नव्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. १९७१ नंतर हेमी बंद झाली. ऑक्टोबर १९७३ चे तेलसंकट आले तेव्हा उरल्या होत्या थोड्याच गाड्या, आणि १९७४ मध्ये बाराकुडा, डॉजची चॅलेंजर व जीटीओ या तिन्ही थांबल्या.

सुरुवात करताना सगळी वर्षे एकदम हाती घेऊ नयेत. पहिला महिना फक्त १९६४ ला द्यावा: बाराकुडा, मस्टँग, जीटीओ, ४-४-२, थंडरबोल्ट आणि डेटोनाची हेमी, एवढ्या सहा नोंदी. प्रत्येकीचे घनइंच, सीसी आणि बोअर-स्ट्रोकचा हिशेब स्वतःच्या हाताने करावा, चौथा रकाना कोरा राहिला तर तसाच ठेवावा, आणि तो भरल्याखेरीज १९६५ चे पान उघडू नये.